कोल्हापूरचे पुढचे दात

कोल्हापूरला जाऊन आलेली माणसं देवळाबद्दल, रंकाळ्याबद्दल आणि चपलांबद्दल सांगतात. मी तिथे तीन आठवडे राहिले आणि यातलं काहीच धड पाहिलं नाही. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या तोंडात बघत होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळची नागपूरची. मुंबईत दातांचं शिकले आणि तिथेच एका कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. आमच्या विभागप्रमुखांच्या एकदा मनात आलं की पडून, आपटून, मार लागून पुढचे दात मोडण्याचं प्रमाण लोकांत किती असतं, हे आपल्याकडे कोणी नीट पाहिलेलं नाही. किडलेल्या दातांची सगळ्यांना काळजी, मोडलेल्यांना कोणी विचारत नाही. मग पाहायचं कुठे? तर कोल्हापूरला, कारण त्यांच्या मते तिथे घरटी एक पैलवान आणि पैलवान म्हटला की दात मोडलेलाच. शोधनिबंधाचा शेवट त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता. मधली पानं तेवढी मी भरून आणायची होती.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मी निघाले. बॅगेत चार साड्या, तोंडात घालायचे आरसे, एक बॅटरी, स्पिरिटची बाटली आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा. तक्त्यात रकाने होते: नाव, वय, कोणता दात, किती मोडला. शेवटचा रकाना होता ‘कारण’. हा शेवटचा रकाना मला पुढे किती छळणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

कोल्हापूर

स्टँडवर मला घ्यायला बाबालालमामा आले होते. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी. त्यांची तीन पिढ्यांची वस्ती कोल्हापुरात, त्यामुळे आख्खा जिल्हा त्यांना ओळखायचा. कॉलेजनं त्यांना माझ्या मदतीला नेमलं होतं.

“मामा, लोक तोंड उघडतील ना?” मी रिक्षात बसता बसता विचारलं.

“उघडायची चिंता नगं,” मामा म्हणाले. “कोल्हापूरचा माणूस तोंड उघडतोयच. मिटायचं कसं त्येचं, त्येवढं बघा.”

संध्याकाळी त्यांनी मला दूध प्यायला नेलं. आमच्या नागपुरात दूध म्हणजे घरी येणार, तापणार, साय धरणार आणि मग ग्लासात उतरणार. इथे भर चौकात म्हशी ओळीनं उभ्या, गवळी समोर बसून धार काढतोय आणि तो फेसाळ ग्लास तसाच आपल्या हातात. मी विचारात पडले. मामा म्हणाले, “प्या की. म्हस बघतीया तुमच्याकडं, वाईट वाटंल तिला.” म्हैस खरंच बघत होती. मी प्यायले, आणि नाकाला फेस लागलेल्या अवस्थेत पुढचा अर्धा तास शहरात हिंडले. मामांनी तो मुक्कामाच्या दारात आल्यावर दाखवला.

दुसऱ्या दिवशी तालीम. तिथे गेल्यावर कळलं की बायकांनी आत जायचं नसतं. वस्ताद दारातच उभे होते. पांढऱ्या मिशा, कान चुरगळलेले, मान आणि खांदे यांच्यात फरक नाही. मामांनी मध्यस्थी केली आणि पैलवानांनी एकेक करून बाहेरच्या कट्ट्यावर यायचं ठरलं. एवढाले गडी, पण माझ्यासमोर बसून तोंड उघडायची वेळ आली की लाजून मातीकडे बघायचे. एकाची मांडी माझ्या कमरेएवढी होती आणि आरसा पाहून त्यानं मामांचा हात धरला.

मी एकामागून एक दात बघत गेले. पुढचे दात पांढरे, भक्कम, कडा शाबूत. तक्ते कोरेच राहायला लागले. मला आमच्या साहेबांच्या टाइप केलेल्या शेवटाची काळजी वाटू लागली.

“वस्ताद, कुस्तीत दात मोडत नाहीत का?”

वस्तादांना राग आला. “बाई, ही कुस्ती हाय, मारामारी न्हवं. खाली लाल माती, तेल-ताक घालून लोण्यासारखी केल्याली. तीत तोंडावर पडला तर दात मोडत न्हाय, दात घासला जातोय.”

शेवटी एकाचा पुढचा दात मोडलेला निघाला. मी आनंदानं पेन उघडलं.

“कुस्तीत?”

त्यानं वस्तादांकडे पाहिलं. वस्तादच बोलले, “सोड्याच्या बाटलीचं बूच दातानं काढायला गेलता. मेव्हण्याला दाखवायला. लिवा, लिवा. येड्याचं नाव मोठ्या अक्षरात लिवा.”

इचलकरंजी

इचलकरंजीत शिरलं की आधी कानाला कळतं. गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट. पाळी बदलायच्या वेळी आम्ही एका शेडच्या दाराशी टेबल मांडलं आणि पहिल्याच तासात माझ्या लक्षात आलं की इथे माल आहे. एकाचा वरचा दात अर्धा गेलेला, दुसऱ्याचा कोपरा उडालेला, तिसऱ्याला तर पुढे खिडकीच.

“कशानं मोडला?” मी ओरडून विचारायची. त्या आवाजात दुसरं काही चालत नव्हतं.

“धोंडा!” समोरून ओरडून उत्तर यायचं.

मी लिहीत गेले. धोंडा. पुन्हा धोंडा. पुन्हा. चौथ्या माणसानंतर मला भीती वाटायला लागली. हे गाव एकमेकांवर दगडफेक करतं आणि वर्तमानपत्रात एक ओळ नाही? मी जेवणाच्या सुट्टीत मामांना हळूच विचारलं की इथे काही जुनं भांडण आहे का.

मामांनी तक्ते वाचले आणि भिंतीला टेकून हसू लागले. “बाई, धोंडा न्हवं. धोटा.”

मग त्यांनी मला अंबादासकडे नेलं. अंबादास सोलापूरकडचा विणकर, घरी तेलुगू बोलणारा, पोटासाठी इकडे आलेला. त्यानं मला माग दाखवला. लाकडाचा टोकदार धोटा, दोन्ही टोकांना लोखंड, या बाजूनं त्या बाजूला सणसणत जायचा आणि परत यायचा. मी कौतुकानं मागाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. अंबादासनं काही न बोलता माझ्या पदराला धरून मला ओढलं.

“तिथं उभं राहू नका,” तो म्हणाला. “तिथंच येतो तो.”

“कधी?”

“ते सांगून येत नाही.” त्यानं ओठ वर करून आपला दात दाखवला. “मी सहा महिने रोज तिथं उभा राहून जेवत होतो. काही झालं नाही. एक दिवस घरनं पत्र आलं, ते वाचत उभा राहिलो.”

“पत्रात काय होतं?”

“पोरगी झाली म्हणून होतं.” तो हसला आणि मोडका दात चांगला दिसला. “तिला आता पहिला दात आला असेल.”

मी ‘धोंडा’ खोडून ‘धोटा’ लिहिलं. त्या दिवशी आम्ही त्या शेडच्याच जैन मालकांच्या घरी जेवलो. कांदा नाही, लसूण नाही, तरी आमटी अशी झणझणीत की डोळ्यांना पाणी. मालकीणबाईंना मी विचारलं, हे तिखट कशानं? त्या म्हणाल्या, “तिखटानं.”

इथून पुढे ‘कारण’ या रकान्याचं आणि माझं बिनसलं. लोक दात खरे दाखवायचे आणि कारण खोटं सांगायचे. एका शेतकऱ्यानं मला सांगितलं की बैलानं शिंग मारलं. मी लिहिलं. तेवढ्यात शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, “बैल आमच्यात कुटला? चार वर्सं झाली इकून.” तो म्हणाला, “मंग म्हशीनं.” ती म्हणाली, “म्हस मीच की.” मामांनी त्या तक्त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, ह्यो रकाना पेन्सिलीनं लिवा.”

शाहूवाडीकडच्या डोंगरात दोन दिवस गेले, तिथे मोडके दात फार थोडे सापडले. मी एका म्हाताऱ्या भातशेतकऱ्याला कारण विचारलं. तो म्हणाला, “आमी पडताव रोजच. पर चिखलात पडताव.”

बिद्रीच्या अलीकडे

बिद्रीच्या साखर कारखान्याच्या अलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या सरपंचांना मी तसा शब्द दिला आहे. उसाचा हंगाम जोरात होता. रस्ताभर बैलगाड्या आणि हवेत गुळाचा वास.

सरपंचांना सगळे आबा म्हणत. पन्नाशीचे, फेटा, घरंदाज बोलणं. चावडीत त्यांनी आमच्यासाठी सतरंजी टाकून ठेवली होती आणि गावाला दवंडी दिली होती. माणसं आली, बायका आल्या. पहिल्यांदा पुरुष बघितले. दात बरे होते. मग बायकांची रांग सुरू झाली आणि मी सरसावून बसले.

एकीचा वरचा पुढचा दात मोडलेला. तिच्या मागचीचाही. तिसरीचा नाही, पण हनुवटीखाली जुनी खूण. चौथीचा पुन्हा तोच दात, तसाच खालून वर मार बसल्यासारखा. सगळ्या पाणी भरायच्या वयाच्या. मी प्रत्येकीला कारण विचारलं आणि प्रत्येकीनं एकच वाक्य, पाठ केल्यासारखं, सांगितलं.

“ऊस खाताना मोडला.”

आबा शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. “आमच्यात ऊस लई,” ते म्हणाले. “दातानं सोलत्यात बायका. ऐकत न्हाईत.”

“आणि पुरुष ऊस खात नाहीत का?”

“खात्यात की. पर ते बेतानं खात्यात.”

दुपारी आबांनी आम्हांला गुऱ्हाळावर नेलं. कढईत रस उकळत होता आणि एक म्हातारा त्यावरची मळी झाऱ्यानं काढत होता. उसाच्या कांड्यावर गुंडाळलेला गरम गूळ त्यांनी माझ्या हातात दिला. मी चाखायला गेले आणि तो माझ्या टाळ्याला असा चिकटला की पाच मिनिटं मला बोलताच येईना. दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणणारी बाई तोंड मिटून बसली, याचा मामांना फार आनंद झाला. त्यांनी त्या पाच मिनिटांत गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना म्हशीच्या फेसाची गोष्ट सांगितली.

परत येताना मला तहान लागली. गावाच्या मध्यभागी हापसा होता. त्याच्या चौथऱ्यावर पाटी, आबांच्या हस्ते उद्घाटन झाल्याची. भोवती वीसेक घागरी ओळीनं ठेवलेल्या आणि हापसत होती एकटी एक म्हातारी. तानूबाई तिचं नाव. अंगात हाडं आणि लुगडं, पण दांडा जोरात चालवत होती. तरण्या बायका बाजूला उभ्या राहून गप्पा मारत होत्या.

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, “आजी, तुम्ही एकट्याच सगळ्यांचं पाणी भरता? या पोरी काय करतात?”

तानूबाईनं तोंड उघडून हसून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

“माजं काय मोडायचं ऱ्हायलंय?” ती म्हणाली.

बाजूच्या बायकांनी पदर तोंडावर ओढले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी दांड्याकडे पाहिलं. त्याच वेळी तो अर्ध्यातून सुटला आणि तानूबाईच्या हनुवटीजवळून सण्णकन वर गेला. तिनं सवयीनं मान मागे घेतली आणि पुन्हा हापसायला लागली.

हापशाला लागूनच बालवाडी होती. आतून मुलांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात काहीतरी विचित्र होतं. मी दारात जाऊन उभी राहिले. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी फळ्यावर ससा काढून शिकवत होती. तिनं ‘ससा’ म्हटलं की दोन बारीक शिट्ट्या वाजायच्या. आणि समोरची सगळी पोरं तितक्याच निष्ठेनं दोन शिट्ट्या वाजवून ‘ससा’ म्हणायची. सूर्य, साप, साखर, सगळं शिट्टीत.

मला पाहून तिनं पदर तोंडावर घेतला. शालन तिचं नाव, आबांच्या सख्ख्या भावाची मुलगी. ती चावडीत आलीच नव्हती. मी पोरांना सुट्टी द्यायला लावली आणि तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळानं तिनं पदर काढला. मधले दोन दात तिरके मोडलेले होते.

“ऊस?” मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं टेबलाच्या खणातून एक वही काढून दिली. वर्षातून दोनदा तपासणीला येणाऱ्या बाईंचा शेरा होता: शिक्षिकेचे उच्चार अस्पष्ट, पुढील भेटीत सुधारणा न दिसल्यास दुसऱ्या उमेदवाराचा विचार व्हावा.

“पुढली भेट दोन महिन्यांनी हाय,” शालन म्हणाली. “ही नोकरी गेली तर मला घरात बसवत्यात. आणि नोकरी आबांनीच लावून दिल्याली. हापसाबी आबांचाच. आता कुणाला काय सांगू?”

मी बाहेर आले. आबा चौथऱ्यापाशी मामांशी बोलत उभे होते. मी काय करणार आहे, हे मलाही नीट ठरवता आलं नव्हतं. पण माझ्या तोंडातून वाक्य निघून गेलं.

“आबा, गावात आले तर तुमच्या हातचं पाणी पिऊन जावं म्हणते.”

“घरी चला की. चा ठेवायला सांगतो.”

“चहा नको. या हापशाचं. तुमच्या हातचं.”

बायका जवळ सरकल्या. आबांनी फेटा सारखा केला. इकडेतिकडे पाहिलं. नाही म्हणायला जागा नव्हती. ते चौथऱ्यावर चढले, हात लांबवून दांड्याच्या अगदी टोकाला धरलं, उपरण्याचा शेव तोंडावर दाबला, मान पूर्ण मागे वळवून देवळाच्या कळसाकडे पाहिलं आणि मग हापसलं.

बायका त्यांच्या वळलेल्या मानेकडे बघत राहिल्या. पाणी पडत राहिलं. आबांना कळलं तेव्हा त्यांचा हात थांबला, पण मान वळवायला त्यांना जरा वेळ लागला.

तानूबाई पहिल्यांदा हसली. मग बाकीच्या. पण शालन हसत नव्हती. ती बालवाडीच्या पायरीवर उभी होती, पदर तोंडावर नव्हता.

“आबा,” ती म्हणाली, “तोंड फिरवून हापसायचं, ह्ये तुमास्नी ठावं होतं. मंग आमास्नी आधी सांगितलं का न्हाई?”

त्या वाक्यात जितके स होते तितक्या शिट्ट्या वाजल्या. त्या वेळी कोणी हसलं नाही. आबा चौथऱ्यावरच बसले. त्यांनी उपरणं हातात चुरगळलं.

“बोल्ट झिजलाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “चार दिवसांत गेला. गाजावाजा करून बसवला आणि चार दिवसांत... कुणाला सांगायची लाज वाटली मला.”

मला त्यांची कीव आली, खरं सांगते. पण शालनकडे पाहिलं की ती कीव टिकत नव्हती.

आबांनी तिथूनच माणूस कारखान्यावर धाडला. ओळखीचा एक फिटर सायकलवरून आला, त्यानं नवा बोल्ट बसवला, दांडा वर-खाली करून बघितला. तरी पहिली घागर भरायला कोणी पुढे होईना. शेवटी आबांनी फेटा काढून ठेवला, दांड्यासमोर तोंड नेलं आणि समोर बघत घागर भरली. नंतर त्या दुपारी त्यांनी आणखी बऱ्याच घागरी भरल्या. बायका त्यांना एकेक आणून देतच राहिल्या.

निघताना आबा माझ्याजवळ आले. “कागदावर गावाचं नाव नगं, बाई.”

“नाही घालत. कारण घालू?”

त्यांनी हापशाकडे पाहिलं. “घाला. आता काय ऊस लिवायचा.”

मी सगळे तक्ते काढले आणि एका बैठकीत ‘ऊस’ खोडत गेले.

पुन्हा कोल्हापूर

शालनला घेऊन आबा स्वतः कोल्हापूरला आले. माझ्या वर्गातल्या एका मित्राचा तिथे दवाखाना होता. त्यानं मला दोन दिवस खुर्ची दिली. मोडलेले दात घासून, साचा घेऊन त्यांवर ॲक्रिलिकच्या टोप्या बसवायच्या, असं ठरलं. रंग जुळवायला सगळ्यांत वेळ गेला. नमुन्याचे दात शालनच्या ओठाजवळ धरून मी एक निवडायची आणि आबा लांबून मान हलवून नापसंत करायचे. पुतणीच्या लग्नाला शालू निवडावा तसे. इंजेक्शनची सुई दिसल्यावर मात्र ते चप्पल न घालताच बाहेर गेले आणि मामांनी त्यांना समोरच्या टपरीवर बसवून मिसळ खायला घातली.

टोप्या बसल्यावर मी शालनच्या हातात आरसा दिला. तिनं आधी दात पाहिलेच नाहीत. आरसा मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, “सूर्य.” मग, “साप. साखर. सोसायटी.” एकही शिट्टी वाजली नाही. मग तिनं आरसा उचलला.

दाराशी आबा उभे होते. “बोल की, काय झालं?” त्यांनी विचारलं.

“सगळं सरळ झालं,” ती म्हणाली, आणि हे वाक्य तिनं मुद्दाम निवडलं असावं.

मी मुंबईला परतले. विभागप्रमुखांनी तक्ते चाळले, चष्मा काढला, पुन्हा घातला. “पैलवान कुठे आहेत?”

“आहे एक. सोड्याची बाटली.”

“आणि हे काय? हापशाचा दांडा? असं कारण कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही.”

मी म्हटलं, “नसेल. गावात आहे.” टाइप केलेला शेवट त्यांनी खणात ठेवला. रागावले होते, पण तक्ते परत दिले नाहीत, स्वतःकडेच ठेवून घेतले.

दोन-अडीच महिन्यांनी शालनचं पोस्टकार्ड आलं. बारीक अक्षरात, कडेनंही लिहिलेलं. हापसा ठीक आहे. तानूबाईला आता कोणी विचारत नाही म्हणून ती माझ्यावर चिडून आहे. आबांची तब्येत बरी आहे. तपासणीच्या बाई येऊन गेल्या. शालननं फळ्यावर ससा काढला आणि एकदम स्वच्छ ‘ससा’ म्हणून दाखवलं. मग पोरांना म्हणायला सांगितलं. वर्षभर शिकलेली पोरं एका सुरात, न चुकता, दोन-दोन शिट्ट्या वाजवून ‘ससा’ म्हणाली.

बाईंनी वहीत शेरा लिहिला, तो शालननं जसाच्या तसा उतरवून पाठवला होता: शिक्षिकेचे उच्चार उत्तम. मुलांचे दात तपासून घ्यावेत.